तरट धुऊ नका

जऊळक्यात मी भाड्याची खोली पाहायला गेले, तेव्हा सरांनी मला नाव, गाव, माहेर, सासर यांतलं काहीच विचारलं नाही. ओट्यावर बसून ते एका कुत्रीच्या कानातले गोचीड काढत होते. मान वर न करता म्हणाले, "कुत्र्याले भेता का?"

खोटं बोलून उपयोग नव्हता, कारण मी अजून फाटकाबाहेरच उभी होते. "हो," म्हटलं.

"मंग देली खोली. भेणारं माणूस कुत्र्याकडे ध्यान देऊन पाह्यते. बाकीचे नुसते 'हाड्' म्हणून निंगून जातात."

मी साताऱ्याकडची. गावच्या हायस्कूलमध्ये नवी शिक्षिका म्हणून आले होते. सर त्याच शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. म्हणजे कागदावर निवृत्त झालेले. सकाळी फिरायला निघाले की वाटेत भेटेल त्याची नखं तपासायचे. पोस्टमनची तपासायचे, दूधवाल्याची तपासायचे. एकदा त्यांच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे आले, तर चहाचे कप येण्याआधी सरांनी नवऱ्या मुलाचे हात पुढे करायला लावले. सोयरीक जुळली नाही. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, ही गोष्ट सांगताना अजून कपाळावर हात मारतात. सर म्हणतात, "नखात माती नोयती, मेंदी होती. पोरगं लपवत काहून होतं?"

पण गावात सरांची ओळख नखांवरून नव्हती. पाठीमागे सगळे त्यांना 'कुत्र्यायचे सर' म्हणायचे, आणि सरांना ते ठाऊक होतं. त्यांचा एक सिद्धान्त होता. रेल्वे स्टेशनच्या बाकावर, पानटपरीवर, लग्नाच्या पंगतीत, मयतीला जमलेल्या माणसांतसुद्धा सर तो ऐकवायचे.

"कुत्र्याले माय समजते. एका तरटावर झोपलेले भाऊ-बहीण समजतात. जात समजत नाई."

कुणी फिरताना सहज विचारलं, "सर, कोणत्या जातीचं हाय हे कुत्रं?" की सर थांबायचे. "त्यालेच इचारा. त्याले माहीत असन तं सांगन." सरांच्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. हा प्रश्न सरांच्या घराण्याला बराच जुना होता, आणि कुत्र्याच्या निमित्ताने का होईना, त्याचं उत्तर द्यायची एकही संधी ते सोडत नसत.

ओट्यावरच्या त्या कुत्रीचं नाव ठमी. अंगानं मळकट पिवळी, एक कान उभा, एक पडलेला, आणि स्वभाव असा की गल्लीतली म्हैससुद्धा तिला वळसा घालून जायची. तिचं जेवणाचं एक जुनं लोखंडी घमेलं होतं. त्यात ज्वारीची भाकर ताकात कुस्करून पडायची. ती खात असताना दुसरं कुत्रं हातभर जरी जवळ आलं तरी ठमी दात काढून अंगावर जायची. फक्त तिच्या पोटच्या पिल्लांना मुभा होती. ती कितीही मोठी होऊन आली तरी घमेल्यात तोंड घालायची आणि ठमी हूं की चूं करायची नाही. सरांचा सगळा सिद्धान्त या घमेल्यावर उभा होता.

ठमीचं पिल्लू मागायला कुणी आलं की सर आधी त्याची नखं पाहायचे. मग ठमी ज्या तरटावर झोपायची त्याचा तळहाताएवढा तुकडा कापून पिल्लाबरोबर द्यायचे. "हे त्याच्या अंगाखाली टाका. अन् तरट धुऊ नका."

"वास मारते न सर."

"वास मारावा म्हणूनच देऊन राह्यलो! सासरी गेलेल्या पोरीच्या पेटीत मायचं जुनं लुगडं असते का नाई? तसं समजा. धुऊ नका."

आणि एवढ्यावर थांबले असते तर ते सर कसले? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते ठमीच्या सगळ्या लेकरांना मूळ धाडायचे. बाई माहेरी आणण्यासाठी जसं माणूस पाठवतात, तसं. "बैलाचा सण हाये, वावर राखते त्याचा काहून नाई?" असं म्हणून सकाळी मोबाईलवर सगळ्यांना निरोप: आज पोरांचं माहेरपण आहे, दुपारपर्यंत पोचतं करा. कुणी पोचतं करायचं नाही. मग सर स्वतः स्कूटर काढायचे आणि आमच्या मालेगाव तालुक्यातून एकेक कुत्रं पायाशी उभं करून आणायचे. पुढे वाऱ्यावर कान उडवणारं कुत्रं आणि मागे टोपी सावरणारे सर अशी स्वारी स्टेशनवरून निघाली की पानटपरीवरून आवाज यायचा, "सर, पोरगी आनली का जावई?" सर हात वर करून म्हणायचे, "पोरगी!" चिडायचे नाहीत. पण अंगणात ती चार-पाच कुत्री आणि आम्ही तिघं, एवढंच माहेरपण व्हायचं, आणि काकूंच्या पुऱ्या उरायच्या. त्या उरलेल्या पुऱ्यांकडे सर बघत राहायचे ते मला आवडायचं नाही.

किन्हीराजा गावच्या गयाबाई एकदा याच ओट्यावर येऊन रडल्या. नवरा वारलेला, लेकी सासरी, आणि एकट्या बाईनं वावर कसायचं. हंगामात त्या वावरातल्या खोपीतच राहायच्या, सोबतीला ठमीचा मुलगा ढाण्या. सोयाबीन काढणीला थ्रेशर आलं, ते परत निघालं तेव्हा त्याच्या ट्रॅक्टरमागे ढाण्या पळत गेला आणि परतला नाही.

"पोलिसात नाई गेली मी," गयाबाई म्हणाल्या. "लेकरू हारपलं तं आधी त्याच्या माहेरी सांगा लागते."

सरांची टिंगल करणाऱ्या तालुक्यात त्यांचं माहेरपण खरं मानणारं एक माणूस होतं, हे मला तेव्हा कळलं.

गयाबाईंची अडचण साधी नव्हती. ढाण्या नाही, तर रानडुकरांच्या भीतीनं वावरात राहणं नाही. वावरात राहिलं नाही तर तूर डुकरांची. आणि तूर गेली की दीर वाटच पाहत होता, वावर बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं कसायला, आपल्याकडे घ्यायची. "एकदा देलं का मंग ते मले परत भेटत नसते, सर," एवढंच त्या बोलल्या.

सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचं जाळं मोठं. एकानं मोबाईलवर फोटो पाठवला. रिठदला एका आडत्याच्या नव्या बंगल्याच्या फाटकात, गळ्यात चामडी पट्टा घालून ढाण्या बसलेला. आडत्या सगळ्यांना सांगत होता, पुण्याहून आणलाय, जर्मन आहे. ढाण्या दिसायला होताच तसा. उभे कान, काळी पाठ. बाप कोण ते ठमीच जाणे.

गयाबाईंकडे ना फोटो, ना कसली खूण. प्रकरण किन्हीराजाच्या तंटामुक्ती समितीपुढे आलं. ग्रामपंचायतीसमोर मंडळी बसली. आडत्यानं ढाण्याला आणलं आणि ढाण्यानं इमानदारीची पार अब्रू घालवली. त्यानं गयाबाईंना शेपूट हलवली, आडत्याला हलवली, अध्यक्षांना हलवली, आणि चहावाल्याला सगळ्यात जास्त हलवली, कारण त्याच्या हातात बिस्किटं होती.

"पाहा, सगळ्याइलेच वळखते," आडत्या म्हणाला.

तेव्हा सर उठले. "शेपूट म्हणजे रामराम हाय. रामराम केला म्हणून का कोणी सोयरा होते? याची माय आना. घमेलं ठेवा. तिनं खाऊ देलं तं कुत्रं गयाबाईचं, नाई देलं तं आडत्यायचं."

आडत्यानं सरांच्या मोबाईलवर ठमीचा फोटो पाहिला आणि खो खो हसला. "ह्या कानपडक्या गावठी कुत्रीच्या पोटी असं जनावर? सर, जात काई चीज असते का नाई?"

"असते का नसते, ते तिलेच इचारू," सर म्हणाले. अध्यक्षांनी पुढच्या बाजाराच्या दिवशी या म्हणून सांगितलं.

त्या सकाळची तयारी मी विसरणार नाही. सरांनी ठमीला गल्लीच्या टोकाच्या हापशावर नेलं आणि वासाच्या साबणानं घसघसून आंघोळ घातली. नखांत ब्रश फिरवला. अंगावर पावडर टाकली, गळ्यात लाल फीत बांधली. "चार माणसायत जाचं हाय. साक्षीदार टापटीप असला पाह्यजे," म्हणाले. मला ते बिलकूल वावगं वाटलं नाही. आम्हीही इस्त्रीचे कपडे घातलेच होते. तिथून थेट ऑटोत बसलो. ठमी माझ्या पायाशी बसली आणि मी पाय वर घेऊन बसले.

आडत्यानंही ढाण्याला शाम्पू लावून, वर अत्तर फवारून आणलं होतं. पाहुण्या कुत्र्यांसाठी समितीनं उदबत्ती लावली होती. घमेलं ठेवलं. ढाण्या आला. ठमीनं नाक उचललं, शिंकली, आणि गुरगुरत त्याच्या अंगावर गेली. कान असा धरला की रक्त आलं.

लोक हसले. मुलं हसली, म्हातारे हसले, अध्यक्षांनी तोंडावर रुमाल धरला. आडत्या ढाण्याला ओढत म्हणाला, "सर, मायलेकाची भेट लय गोड झाली!" गयाबाई सरांना एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत. "तुमच्या ठमीले म्हातारपण आलं असन," एवढं म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून निघून गेल्या. सरांना त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

परतताना सरांनी ऑटोवाल्याची नखंसुद्धा पाहिली नाहीत. मला फार वाईट वाटलं.

घरी आलो. फाटक उघडलं. ठमीची मुलगी सोनी आमच्याच अंगणात राहायची, जन्मल्यापासून आईच्या कुशीत झोपायची. ठमी आत शिरली आणि सोनी पाठीवरचे केस उभे करून भुंकत धावली. सख्ख्या आईवर! ठमी बिचारी फितीसकट उभी. सोनीनं मागून पुढून तिचा वास घेतला, पुन्हा भुंकली.

सर जागच्या जागी थांबले. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर अशी चापट मारली की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"साबन!" सर ओरडले. "साबन, साबन! अवं, मी माय धुऊन टाकली!"

ज्यानं तालुकाभर 'तरट धुऊ नका' म्हणून सांगितलं, त्यानंच तरटाची मालकीण धुतली होती. सर अंगणात नाचायचे तेवढे राहिले. काकूंनी विचारलं, "जेवता का आता?" तर म्हणाले, "जेवतो, अन् जेवून रिठदले जातो."

आडत्याच्या दुकानासमोर, सोयाबीनच्या पोत्यांवर बसलेल्या गिऱ्हाइकांदेखत सरांनी त्याला हाक मारली. "पुन्हा एकदा घमेलं ठेवू. येकदा जितले, दुसऱ्या खेपेले भेता काहून?"

"भेतो कायले? पण हारले तं काय, सर?"

"तुमीच सांगा."

आडत्यानं जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "कुत्र्यायचं मूळ धाडनं बंद. जनमभर. तालुक्याले तमाशा पुरे झाला."

मी शेजारीच उभी होते. सरांचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाले, "मंजूर. पण तोवर कुत्रं तुमच्या घरी नाई, माह्या घरी नाई. अध्यक्षायच्या गोठ्यात राहीन. अन् त्याले कोनी साबन लावाचा नाई." आडत्याला साबणाचं काही कळलं नाही, म्हणून तो लगेच हो म्हणाला.

पंधरा दिवस गेले. तोवर ठमी उकिरड्यात लोळली, राखेत लोळली, आपल्या तरटावर झोपली आणि सोनीनं तिला पुन्हा आई म्हणून पदरात घेतली. फेरतपासणीच्या सकाळी तर सरांनी कहर केला. जगाची नखं तपासणारा हा माणूस त्या दिवशी स्वतः बिनआंघोळीचा निघाला. मला दारातच अडवलं. "म्याडम, गजरा काढा." गजरा काढला. "पावडर?" तोंड धुऊन आले. ऑटोवाल्याच्या उदबत्तीवर त्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं. तो बिचारा देवाकडे बघत राहिला. ठमी या वेळी खाली बसेना, तर सरांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. तिचा वास किन्हीराजापर्यंत माझ्या नाकात होता. मी पाय वर घेतले नाहीत.

या खेपेला गर्दी दुप्पट. आसपासच्या गावचे लोक मोटरसायकली घेऊन आलेले. गयाबाई येणार नव्हत्या, काकू त्यांना वावरातून घेऊन आल्या. त्या एका बाजूला पदराची घडी चिमटत उभ्या होत्या.

सरांनी वर्गात प्रयोग दाखवावा तसं सगळं मांडलं. मधोमध ठमीचं तरट, तरटावर ठमी, पुढे घमेलं. आधी अध्यक्षांचा कुत्रा सोडला. ठमी गुरगुरली, तो मागच्या मागे पळाला. मग बाजारातलं एक मोठं काळं कुत्रं सोडलं. ठमीनं दात दाखवले, त्यानंही विचार बदलला. लोक हसायला लागले, पण आता ते ठमीच्या बाजूनं हसत होते.

"सोडा ढाण्याले," सर म्हणाले.

ढाण्या गोठ्याच्या शेणमातीनं भरलेला. शेपूट हलवत दोन पावलं आला, आणि वारा त्याच्याकडे वळला तसा थांबला. एवढा तगडा, जर्मन म्हणून मिरवलेला कुत्रा. तो हळूहळू खाली बसला आणि पोटावर सरपटत पुढे आला. शेपूट पायांत. बारीक, चिरक्या आवाजात कुंई कुंई करत तो ठमीपाशी पोचला आणि तिच्या तोंडाचा कोपरा चाटायला लागला, दूधपितं पिल्लू चाटतं तसा.

ठमी गुरगुरली नाही. तिनं त्याला नाकानं हुंगलं. मान हुंगली, पोट हुंगलं, आणि कानापाशी येऊन थांबली. तिच्याच दातांची जखम होती ती, अजून खपली होती. ठमी ती जखम चाटायला लागली. ढाण्यानं एक डोळा मिटून घेतला आणि तसंच, आईकडून कान चाटून घेत, घमेल्यात तोंड घातलं.

मग जो गलका झाला, तो जऊळका स्टेशनापर्यंत गेला असेल. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी दिवाळीच्या उरलेल्या लवंग्या लावल्या. अध्यक्षांनी निकाल काय दिला ते कुणाला ऐकूही आलं नाही. गयाबाई धावत गेल्या आणि मायलेक दोघांच्या गळ्यात पडल्या, आणि ठमीनं, त्या ठमीनं, त्यांना पडू दिलं. मी भर चौकात रडले. लाज वाटली नाही. सरांना दोघा-तिघा माजी विद्यार्थ्यांनी खांद्यावर उचललं आणि सर वरून ओरडत होते, "मले काय उचलता? तिले उचला!"

आडत्या तेवढा गर्दीतून मुकाट निघून गेला.

त्या वर्षी तुरीला डुकरानं तोंड लावलं नाही. गयाबाईंनी डाळ भरडून पहिली पायली सरांच्या घरी आणली. दीर पुन्हा बटईचं बोलला नाही.

आणि मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी स्कूटर पुसायला घेतली, तोच फाटकात गाडी थांबली. मागच्या सीटवर ढाण्याला कवेत धरून गयाबाई. "मूळ धाडाची गरज नाई आता," म्हणाल्या, "मीच घिऊन आली." त्यांच्यामागे दुसरी गाडी, तिच्यामागे तिसरी. कुणी पिशवीतून, कुणी ऑटोतून, कुणी दोरीनं ओढत ठमीची लेकरं आणली. एकानं तर चुकून भलत्याच कुत्रीचं पिल्लू आणलं होतं, ते ठमीनं घमेल्यापासून हाकललं आणि सरांनी बिस्किट देऊन पाहुणा म्हणून ठेवून घेतलं. पानटपरी बंद करून टपरीवाला आला. काकू पुऱ्या तळता तळता थकल्या. मी लाटत होते, आणि माझ्या पायाशी सोनी आपल्या नव्या पिल्लांना घेऊन पसरली होती.

दुपार कलली तेव्हा फाटकाशी रिठदचा आडत्या उभा दिसला. तो टोपी हातात घेऊन आत आला.

"सर, पुण्याहून नव्हतं आनलं," तो म्हणाला. "रस्त्यावर भेटलं होतं. पोरायनं फोटो टाकला, लोक म्हने जर्मन हाय, मीबी हो म्हनलो. नव्या बंगल्याले गावठी कसं सांगाव?" मग म्हणाला, "तो गेला तं फाटक भकास वाटून राह्यलं. सोनी व्याली म्हनतात. येक पिल्लू मले ठेवजा."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आधी नखं दाखवा."

आडत्यानं सगळ्यांदेखत दोन्ही हात पुढे केले. सरांनी उलटेपालटे करून पाहिले.

"आता सांगा. कोनत्या जातीचं पाह्यजे?"

आडत्यानं ओट्यावर घमेल्यापाशी बसलेल्या ठमीकडे पाहिलं. एक कान उभा, एक पडलेला.

"हिच्या नात्यातलं," तो म्हणाला.

सरांनी काकूंकडे कात्री मागितली. सोनीच्या अंगाखालचं तरट ओढून तळहाताएवढा तुकडा कापला आणि आडत्याच्या हातावर ठेवला. मग घसा खाकरून त्यांनी तोंड उघडलं. पण त्यांचा शब्द फुटायच्या आत गयाबाई, काकू, टपरीवाला, मी, अख्खं अंगण एका आवाजात ओरडलं, "धुऊ नका!"